सिंफनी ऑर्केस्ट्राचा कंडक्टर व्हायचं असेल तर: पहिल्या वाद्यापासून पहिल्या करारापर्यंत

कंडक्टिंगचा, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी ऑर्केस्ट्रा चालवण्याचा, खरा रियाज घरी एकट्याने होत नाही. व्हायोलिन शिकणारा दार लावून रोज चार तास बसू शकतो. कंडक्टरला मात्र समोर साठ-सत्तर वादक लागतात आणि नवख्या मुलासाठी ते कुणी बसवून देत नाही. त्यामुळे या व्यवसायात शिक्षण, स्पर्धा, सहायकाची नोकरी, एजंट या सगळ्यांचा उपयोग शेवटी एकाच गोष्टीने मोजावा: वादकांसमोर उभं राहायला किती वेळ मिळाला? कोणतं शहर, कोणता कोर्स, कोणती नोकरी असा पेच पडला की हेच माप लावा. खालच्या पायऱ्या मुंबई, पुणे, गोव्यातल्या पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना डोळ्यासमोर ठेवून लिहिल्या आहेत.

पायरी १: आधी चांगले वादक व्हा

थेट कंडक्टर म्हणून कुणी सुरुवात करत नाही. कंडक्टर क्लाउस मॅकेला मुळात चेलोवादक. सायमन रॅटल तालवाद्यांकडून आले. झुबिन मेहतांनी व्हिएन्नात कंडक्टिंगबरोबर डबल बासचंही शिक्षण घेतलं. आर्तुरो तोस्कानिनी १८८६ साली रिओमध्ये ऑपेराच्या दौऱ्यावर चेलो वाजवत होते. ऐन वेळी कंडक्टरची जागा मोकळी पडली आणि एकोणीस वर्षांचा हा मुलगा ‘आयदा’ चालवायला उभा राहिला. संपूर्ण ऑपेरा त्यांना पाठ होता, म्हणूनच ते शक्य झालं.

माझा सल्ला असा: एक तंतुवाद्य किंवा फुंकवाद्य व्यावसायिक दर्जापर्यंत न्या आणि जोडीला कामापुरता पियानो शिका. ऑर्केस्ट्रात निम्म्याहून अधिक माणसं तंतुवाद्यांची असतात. गज कुठे उलटतो, गजाच्या कोणत्या भागात आवाज हलका येतो हे ज्याने स्वतः अनुभवलंय, त्याच्या सूचना वादक ऐकतात. स्कोअर (सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र लिहिलेली वही) वाचायला पियानो लागतो, आणि पुढे ऑपेरा हाऊसमध्ये शिरायचं असेल तर त्यावाचून दार उघडत नाही.

एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षा मंडळांची आठवी ग्रेड हा आपल्याकडे शेवट समजला जातो. परदेशातल्या संस्थांच्या दृष्टीने ती उंबरठ्यावरची पात्रता आहे. ग्रेडच्या मागे लागून तीन तुकडे वर्षभर घोटण्यापेक्षा मिळेल त्या ऑर्केस्ट्रात मागच्या खुर्चीवर बसा. मुंबईत १९६२ पासून बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा आहे. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला आणि त्याच्याशी जोडलेली संगीत अकादमीही आहे. गोव्यात चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना नोटेशन आणि सोल्फेज (लिहिलेले स्वर नावांनी गाणं) शिकवलं. मुंबईच्या सिनेमासृष्टीतल्या स्टुडिओंना नोटेशन झरझर वाचणारे वादक मिळाले ते बरेचसे त्या परंपरेतून. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण आजही मिळतं.

पायरी २: कान तयार करा

हिंदुस्थानी संगीताची तालीम झालेली असेल तर स्वर आणि लय पक्की असते, ती मोठीच पुंजी आहे. पण चार स्वरावली एकाच वेळी वेगवेगळ्या ऐकणं ही सवय वेगळी, ती मुद्दाम लावावी लागते. त्यासाठी बाखचे कोराल (चार आवाजांत बांधलेली चर्चगीतं) घ्या. चारपैकी तीन आवाज पियानोवर वाजवा आणि चौथा स्वतः गा. मग गाण्याचा आवाज बदला. रोज एक कोराल, वर्षभर. याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

सोबत अल्टो आणि टेनर क्लेफ (कोणत्या ओळीवर कोणता स्वर ते ठरवणारी खूण) वाचायची सवय करा, कारण व्हायोला, चेलो, बासून आणि ट्रॉम्बोन तिथे लिहिलेले असतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर ‘सी’ लिहिला असेल तर ऐकू बी-फ्लॅट येतो. एफ हॉर्नचा ‘सी’ पाच स्वर खाली ‘एफ’ म्हणून वाजतो. तालमीत हॉर्नवाला विचारतो, “इथे माझा कोणता स्वर हवा?” तेव्हा हिशेब करायला वेळ नसतो. ऐकून सूर ओळखण्याची जन्मजात देणगी नसली तरी हे सगळं साधतं.

पायरी ३: स्कोअरचा अभ्यास

कंडक्टरच्या आयुष्यातला सर्वात मोठा वेळ टेबलाशी जातो. इथे घाई करू नका.

बीथोव्हनची पाचवी सिंफनी घ्या. जुन्या आवृत्तीचा स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पुढे जोनाथन डेल मार यांनी संपादित केलेली बेरेनरायटर या प्रकाशकाची आवृत्ती विकत घ्या. आणि रेकॉर्डिंग बंद ठेवा. आधी ऐकलंत तर दुसऱ्याचा वेग, दुसऱ्याचे थांबे कानात बसतात आणि पानावर काय लिहिलंय ते दिसेनासं होतं.

पहिला भाग ५०२ बारचा, म्हणजे मात्रांच्या ५०२ गटांचा, आहे. आधी त्याचे मोठे तुकडे पाडा: पहिला विभाग १२४ व्या बारला संपतो आणि तो पुन्हा वाजवायचा असतो. मग चार-चार, आठ-आठ बारचे गट पेन्सिलीने आखा. गट जिथे चुकतात, जिथे पाच किंवा सहा बार निघतात, तिथे काहीतरी महत्त्वाचं घडत असतं.

आता पहिलं पान. सगळ्यांना पाठ असलेले ते चार स्वर कोण वाजवतं? तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट, बाकी सगळे गप्प. बार दोन मात्रांचा, पण बीथोव्हनने दिलेला वेग इतका जलद आहे की हात बारला एकदाच पडतो. त्यातही सुरुवात स्वराने होत नाही, आठव्या भागाच्या विरामाने होते. म्हणजे तुमच्या हाताचा ठोका शांततेवर पडतो आणि वादकांनी त्यानंतर उसळून तीन स्वर एकत्र वाजवायचे असतात. पहिला थांबा एका बारवर आहे. दुसऱ्या वेळी लांबलेला स्वर दोन बारचा आहे आणि थांब्याची खूण त्यातल्या दुसऱ्या बारवर, म्हणजे हा थांबा पहिल्याहून लांब. सहाव्या बारपासून दुसरे व्हायोलिन, मग व्हायोला, मग पहिले व्हायोलिन एकामागून एक आत येतात. तुमची नजर त्या क्रमाने, प्रत्येकाच्या आधी क्षणभर, त्यांच्याकडे वळायला हवी. २६८ व्या बारला सगळं थांबून एकटा ओबो गातो. तिथे त्याला मोकळं सोडायचं, आणि त्याच्या शेवटच्या स्वरानंतर सगळ्यांना कसं उचलायचं ते आधीच ठरवायचं.

असा एकेक बार पाहून झाला की वादक काय विचारतील याची यादी करा. गजाची दिशा कोणती? पुनरावृत्ती घ्यायची का? इथला ‘पियानो’ (मृदू वाजवण्याची खूण) मागच्यापेक्षा हलका का सारखाच? ज्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नाही, ते पान अजून तयार नाही. सबंध भाग वाद्याशिवाय, स्कोअर मिटून, डोक्यात त्याच्या वेगाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकू आला की मग चार वेगवेगळी रेकॉर्डिंग ऐका. आता ती तुम्हाला शिकवतील.

पायरी ४: हात

दोन, तीन, चार मात्रांचे आराखडे आठवड्याभरात येतात. चारचा हात खाली, डावीकडे, उजवीकडे, वर असा जातो. अवघड आहे ती वाजण्याआधीची उचल. त्या एका हालचालीत वेग, आवाजाचं वजन आणि स्वभाव तिन्ही दिसायला हवं. डाव्या हाताने उजव्याची नक्कल करू नये.

रेकॉर्डिंग लावून आरशासमोर हात हलवण्याची सवय लावून घेऊ नका. त्यात तुम्ही आवाजामागे धावता आणि प्रत्यक्षात आवाज तुमच्यामागून यायला हवा असतो. त्यापेक्षा दोन मित्रांना वाजवायला बसवा आणि व्हिडिओ घ्या. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत योर्मा पानुला यांनी हीच पद्धत रुजवली: विद्यार्थ्याने वादकांसमोर उभं राहायचं, कॅमेरा चालू, आणि नंतर स्वतःला पाहायचं. एसा-पेक्का सालोनेन, युका-पेक्का सारस्ते, साकारी ओरामो हे सगळे त्यांचे विद्यार्थी. फिनलंडची लोकसंख्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्या देशातून इतके कंडक्टर निघाले याचं मोठं कारण मला तरी हेच वाटतं की तिथे विद्यार्थ्याला वाद्यवृंद नियमित मिळतो.

पायरी ५: स्वतःचा वृंद जमवा

कुणी बोलावील याची वाट पाहू नका. १९५६ च्या हंगेरीतल्या उठावानंतर निर्वासित ऑस्ट्रियात आले, तेव्हा विद्यार्थी असलेल्या मेहतांनी सहाध्यायांचा ऑर्केस्ट्रा जमवून त्यांच्यासाठी कार्यक्रम केला.

सुरुवात गायकवृंदाने करणं सर्वात सोपं. वसईच्या चर्चमध्ये मराठीतून, गोव्यात कोकणीतून, वांद्र्याला इंग्रजीतून गाणारे वृंद आहेत आणि नाताळ-ईस्टरच्या तालमींना मदतीचा हात सगळ्यांनाच हवा असतो. श्वास एकत्र घेणं, सूर जुळवणं, दमलेल्या हौशी माणसांकडून नीट काम करून घेणं तिथे शिकता येतं. मुंबईत कूमी वाडिया यांनी परांज्योती अकादमी कोरस कितीतरी दशकं चालवला. आपल्या शहरातलं हे उदाहरण कंडक्टिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवं.

मग वाद्यं. वाग्नरच्या ‘सीगफ्रीड इडिल’ला तेरा वादक पुरतात. स्त्राविन्स्कीच्या ‘सैनिकाची गोष्ट’ला फक्त सात, पण ताल बारबारला बदलतो, त्यामुळे हाताची खरी परीक्षा होते. तेही जमत नसेल तर दोन पियानोवादक बसवून सिंफनी करा. युरोपातल्या संस्थांमध्ये कंडक्टिंगचे वर्ग बरेचदा असेच चालतात आणि प्रवेशपरीक्षाही अशीच होते. प्रत्येक तालमीचं चित्रण जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक अर्जासोबत तुमच्याकडे तोंड करून ठेवलेल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ मागतात.

पायरी ६: संस्था निवडताना

नावाला भुलू नका. ईमेल करून तीन प्रश्न विचारा. कंडक्टिंगच्या वर्गात किती विद्यार्थी आहेत? प्रत्येकाला महिन्यातून किती मिनिटं खऱ्या ऑर्केस्ट्रासमोर मिळतात? ऑपेरा करायला मिळतो का? नीट उत्तर न देणाऱ्या संस्थेवर फुली मारा.

व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्की यांच्या वर्गातून मेहता, क्लाउडिओ अब्बादो, मारिस यान्सन्स बाहेर पडले. मेहता आणि अब्बादो हे दोघे मित्र तिथल्या म्युझिकफेराइन या संगीतगृहाच्या गायकवृंदात गायला लागले, कारण त्यामुळे मोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून पाहायला मिळत. शहर निवडताना हाही विचार करा. ज्या शहरात रोज कुठे ना कुठे तालीम चालू असते, तिथे वर्गाबाहेरही शिक्षण होतं. व्हिएन्नात उभ्याने ऐकायची तिकिटं विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडतात.

पैशांचं गणित पालकांनी आधी मांडावं. ऑस्ट्रियात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सरकारी संस्थेत सत्राला साधारण सव्वासातशे युरो फी पडते. जर्मनीत बऱ्याच राज्यांत सरकारी संस्थांना फी नाही, मात्र बाडेन-वुर्टेमबर्ग युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाचे जवळपास १२,००० युरो खात्यात दाखवावे लागतात. फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेत १९२८ पासून कुणाकडूनच फी घेत नाहीत, पण कंडक्टिंगच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. जर्मन भाषिक देशात जायचं तर भाषा आत्तापासून सुरू करा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे मॅक्सम्युलर भवन आहे. तुटक्या जर्मनमध्ये तालीम घेणाऱ्याची वेळ फुकट जाते आणि वादकांचीही.

प्रवेशपरीक्षेत स्वतःचं वाद्य, पियानो, स्कोअर पाहून थेट पियानोवर वाजवणं, कानाची परीक्षा, हार्मनी आणि प्रत्यक्ष कंडक्टिंग असं सगळं येतं. बहुतेक अर्ज पियानो आणि कान इथेच गळतात.

उन्हाळी कार्यशाळांबद्दल एक इशारा. अमेरिकेतल्या टँगलवूडसारख्या जागा निवडूनच घेतात आणि तिथे गेल्याचा उपयोग होतो. इटलीत सिएनाच्या कीजाना अकादमीच्या वर्गात १९५६ साली मेहता, अब्बादो आणि डॅनिएल बारेनबॉइम एकत्र होते. पण भरमसाट फी घेऊन आठवड्यात जेमतेम वीस मिनिटं हातात देणाऱ्या कार्यशाळाही खूप आहेत. मिनिटांना युरोंनी भागून पाहा आणि मगच पैसे भरा.

पायरी ७: पहिली नोकरी

इथे दोन वाटा आहेत.

पहिली जर्मन ऑपेरा हाऊसची. जर्मनीत सरकारी पैशांवर चालणारे सव्वाशेच्या आसपास व्यावसायिक वाद्यवृंद आहेत, आणि लहान लहान गावांत बारमाही ऑपेरा चालतो. नवा माणूस तिथे कोरेपेटिटर म्हणून लागतो: गायकांना पियानोवर भूमिका शिकवायची, तालमींना साथ करायची, पडद्यामागे उभं राहून कोरसला इशारे द्यायचे. मग एखाद दिवशी तालीम न होता चालू असलेला प्रयोग हातात येतो. तिथून कॅपेलमाइस्टर, म्हणजे ऑपेरा हाऊसचा नेमलेला कंडक्टर, आणि पुढे संपूर्ण ऑपेरा हाऊसची जबाबदारी. क्रिस्टियान थीलेमान एकोणीस वर्षांचे असताना बर्लिनमध्ये असेच लागले. किरिल पेट्रेंको व्हिएन्नाच्या फोक्सऑपरमध्ये कॅपेलमाइस्टर होते, १९९९ मध्ये माइनिंगेन नावाच्या छोट्या गावी प्रमुख झाले, मग बर्लिनची कोमिशे ऑपर, मग म्युनिक, आणि २०१९ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक. ही वाट संथ आहे, पण वर्षाला डझनावारी प्रयोग हातून होतात आणि गायक चुकला तर ऑर्केस्ट्रा कसा सांभाळायचा हे दुसरीकडे कुठे इतकं शिकायला मिळत नाही. ज्याचा पियानो चांगला आहे त्याने हीच वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी वाट सहायक कंडक्टरची. ब्रिटन-अमेरिकेत तीच जास्त. सभागृहात मागे बसून आवाजाचा समतोल ऐकायचा, शाळांसाठीचे कार्यक्रम करायचे, आणि आठवड्याचा प्रत्येक स्कोअर पूर्ण तयार ठेवायचा, कारण मुख्य कंडक्टर आजारी पडला तर तुम्हीच. महिला कंडक्टरांसाठी मरिन ऑल्सॉप यांनी २००२ मध्ये सुरू केलेली फेलोशिप आहे. तिची माहिती काढा.

पायरी ८: स्पर्धा

बेझांसों, कोपनहेगनची माल्को, लंडनची डोनाटेला फ्लिक, बांबेर्गची माहलर स्पर्धा, आणि २०२० पासून पॅरिसमध्ये महिलांसाठी ‘ला माएस्त्रा’. सेइजी ओझावा १९५९ मध्ये बेझांसों जिंकले, गुस्ताव्हो दुदामेल २००४ मध्ये बांबेर्गला. वयाची अट बहुधा असते, नियमावली आधी वाचा.

बक्षिसाच्या रकमेपेक्षा सोबत काय मिळतं ते पाहा. डोनाटेला फ्लिकच्या विजेत्याला लंडन सिंफनीत सहायकाची जागा मिळत आली आहे. मेहता १९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकले, तेव्हा बक्षीस हेच होतं: तिथल्या ऑर्केस्ट्रात वर्षभर सहायक. पहिल्या फेरीत बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटंच मिळतात. त्यात भाषण करू नका. वाजवू द्या, दोन गोष्टी नेमक्या सुधारा, आणि सुधारलेलं पुन्हा ऐकवा.

पायरी ९: ऐन वेळचा फोन

१४ नोव्हेंबर १९४३ ला ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि लिओनार्ड बर्न्स्टाइन तालमीशिवाय न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर उभे राहिले. कार्यक्रम रेडिओवरून देशभर गेला. सालोनेन यांनी १९८३ मध्ये लंडनला माहलरची तिसरी सिंफनी अशीच ऐन वेळी केली. मेहतांच्या बाबतीत तर ही मालिकाच आहे: मॉन्ट्रियलला इगोर मार्केविच यांच्या जागी, लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनर यांच्या जागी, इस्रायल फिलहार्मोनिकला युजीन ऑर्मंडी यांच्या जागी. पुढे तिन्ही ठिकाणी ते प्रमुख झाले.

याची तयारी करता येते. दहा-बारा कृती अशा पक्क्या करा की दोन दिवसांच्या सूचनेवर उभं राहता येईल: बीथोव्हन, ब्राह्म्स, च्यायकोव्हस्की, द्वोर्झाक, आणि नेहमी वाजणारे पाच-सहा कॉन्चेर्टो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचना). भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्हिसाकडे विशेष लक्ष द्यावं. उद्या सकाळी दुसऱ्या देशात तालीम आहे म्हटल्यावर वकिलातीत जायला वेळ नसतो. शेंगेन देशातला वास्तव्याचा परवाना असला तर निम्मं युरोप खुलं राहतं.

पायरी १०: पाहुणा म्हणून पहिला आठवडा

अमेरिकेत एका कार्यक्रमाला साधारण चार तालमी मिळतात, ब्रिटनमध्ये कधीकधी तर कार्यक्रमाच्या दिवशीची एकच. वेळ मिनिटाला मोजलेला. वाढवला तर संस्थेला जादा पैसे मोजावे लागतात आणि तुमचं नाव तिथेच खाली जातं. तालमीचं वेळापत्रक बारच्या आकड्यांसह आधी पाठवा. ट्रॉम्बोनवाले शेवटच्याच भागात वाजवत असतील तर त्यांना दोन तास नुसतं बसवू नका. थांबलात की आधी बार सांगा, मग कुणासाठी, मग काय हवं. “थोडं अधिक गूढ” म्हणण्यापेक्षा “गज टोकाला, हलका” म्हणा. पाच मिनिटं आधी सोडता आलं तर जरूर सोडा.

आठवडा संपल्यावर वादकांचं मत अनेक संस्था घेतात. पहिलं बोलावणं एजंट मिळवून देऊ शकतो, दुसरं मात्र वादकच देतात, आणि दुसऱ्या बोलावण्यांवरच हा व्यवसाय उभा राहतो.

एजंटच्या मागे लवकर धावू नका. स्पर्धा जिंकल्यावर किंवा एखादा ऐन वेळचा कार्यक्रम गाजल्यावर तेच येतात. ते मानधनाच्या साधारण दहा ते वीस टक्के घेतात. मानधन बहुधा कार्यक्रमावर ठरतं, तालमींचे वेगळे पैसे नसतात, आणि कार्यक्रम रद्द झाला तर हाती काही येईलच असं नाही. तारखा दोन-तीन वर्षं आधी भरतात. म्हणजे आज झालेल्या यशाचे पैसे बऱ्याच उशिरा दिसतात. तोपर्यंतच्या खर्चाची तजवीज, शिकवणं असो वा वाद्य वाजवणं, चालूच ठेवावी लागते.

पायरी ११: पद स्वीकारताना

पदांची नावं सारखी वाटली तरी अधिकार वेगळे असतात. अमेरिकेतला म्युझिक डायरेक्टर कार्यक्रम ठरवतो, नव्या वादकांच्या निवडीत त्याचा शब्द चालतो, आणि देणगीदारांसोबत जेवायलाही तोच बसतो. चीफ कंडक्टर अनेकदा ठरलेले आठवडे कार्यक्रम करतो. प्रमुख पाहुण्या कंडक्टरवर प्रशासनाचा भार जवळजवळ नसतो.

कराराच्या वेळी हे लेखी घ्या: वर्षाला किती आठवडे, वादकांच्या निवडीत तुमचं मत किती वजनाचं, एकल कलाकार कोण ठरवणार, रेकॉर्डिंगचा निर्णय कुणाचा, सहायक कोण नेमणार. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल. १९६० मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने जॉर्ज शोल्टी यांना म्युझिक डायरेक्टर नेमलं होतं. त्यांना न विचारता व्यवस्थापनाने तरुण मेहतांना सहायक म्हणून घेतलं, आणि शोल्टी यांनी पदभार घेण्याआधीच १९६१ मध्ये राजीनामा दिला. ती जागा मग मेहतांना मिळाली आणि ते १९७८ पर्यंत तिथे राहिले.